कपाळबाई आणि धाकट्याची गाडी

तिला स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. खुर्चीत बसली की एक पाय हलत राहतो, उभी राहिली की हात काहीतरी शोधत असतात, आणि काहीच सापडलं नाही की ती समोरच्याच्या कपाळाला हात लावते. ताप आहे का बघायला! माणूस ओळखीचा असो, नसो. एकदा बाहेरून तपासणीला आलेला टायवाला गृहस्थ लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभा राहिला. 'डोळे लाल दिसतायत हो तुमचे,' म्हणून हिने सरळ त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो बिचारा मागे सरकत सरकत भिंतीला चिकटला. तेव्हापासून तिचं नाव पडलं कपाळबाई. तोंडावर ताई, पाठीमागे कपाळबाई. तिला हे ठाऊक होतं. 'म्हणेनात का,' ती म्हणायची, 'कपाळच धरते, कुणाचा गळा तर धरत नाही ना!'

आणि अशा बाईला नोकरी कसली मिळावी? बसून बघत राहण्याची.

कंपनीच्या थंड गाड्या रस्त्यावर असायच्या. मागे डब्यासारखी बंद खोली आणि तिला गार करणारं यंत्र, अशा गाड्या. त्यांच्या पोटात मासे असत, फुलं असत, दूध, आइस्क्रीम, औषधं, काय वाटेल ते. आणि पहिल्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत कपाळबाई आणि तिच्यासारखेच आणखी काहीजण स्क्रीनसमोर बसून प्रत्येक गाडीच्या पोटात किती थंडी आहे ते बघत. खोलीला एकच खिडकी, ती खाली गाड्यांच्या आवाराकडे उघडणारी. भिंतीवरचं घड्याळ नेहमी थोडं पुढे. चहाचं मशीन होतं, पण त्यातून चहापेक्षा आवाजच जास्त यायचा.

प्रत्येक गाडीच्या दोन रेषा. एक हवेची, म्हणजे गाडीच्या आतल्या वाऱ्याची. ती उथळ, जरा काही झालं की उडी मारणारी. दुसरी मालाची. त्या रेषेचा सेन्सर खोक्यांच्या मधोमध एका छोट्या बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवात बुडवलेला असे, त्यामुळे माल जितका तापेल तितकीच ती तापे, सावकाश, विचार करत. त्यात मालाचे स्वभाव वेगवेगळे. आइस्क्रीमला कडाक्याची थंडी लागते, फुलांना बेताची. पण सगळ्यांत नखरे इंजेक्शनांचे. दोन अंशांच्या खाली जायचं नाही, आठच्या वर चढायचं नाही. गोठली तरी वाया, तापली तरी वाया, आणि वाया गेली हे वरून कळतही नाही. 'मासा निदान वास तरी मारतो,' कपाळबाई म्हणायची, 'ही मेली इंजेक्शनं मरतात ती हसतमुखाने.'

नवीन येणाऱ्या ड्रायव्हरांना आणि बघणाऱ्यांना शिकवायचं काम तिच्याकडेच होतं. ती काही फार शिकवत नसे. इकडून तिकडे फेऱ्या मारत एकच गोष्ट डोक्यात भरायची: रस्त्यात दार उघडायचं नाही. मरण आलं तरी नाही. अलार्म वाजला की माणसाचा जीव खालीवर होतो आणि वाटतं की जाऊन एकदा बघावं आत. 'बघायला म्हणून दार उघडलंत ना, की आतली थंडी तुमच्या तोंडावरून निघून जाते बाहेर, आणि बाहेरचं ऊन शिरतं आत. म्हणजे नव्हतं ते दुखणं तुम्ही आणलंत. आणि वर सील तोडलंत ते वेगळंच.' दाराला निघताना सील लागायचं, नंबर घातलेलं. रस्त्यात ते तुटलं की समोरची मंडळी माल उतरवून घेत नसत. इंजेक्शनं आत कितीही गार असोत.

तिची एक गोष्ट तर खोलीत सगळ्यांना पाठ होती. कुणाच्या तरी लग्नाची फुलं चालली होती. भर दुपारी हवेची रेष जी उडाली ती थांबेचना. खोलीत गोंधळ. साहेब स्वतः धावत आले, 'थांबवा गाडी, उघडा दार!' म्हणून ओरडायला लागले. कपाळबाई उठली, फोनवर तळहात दाबून उभी राहिली. पाय थडथड हलत होता, पण हात हलला नाही. 'यंत्र स्वतःचा बर्फ वितळवतंय, साहेब. होईल खाली.' गार करणाऱ्या जाळीवर बर्फ साठतो, तो काढायला यंत्र मधूनच थांबतं आणि जाळी तापवतं. तेवढा वेळ हवा चढते, मग आपली आपण उतरते. तशी ती उतरली. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि ते निघून गेले.

तर सांगायचं म्हणजे, तिचं सगळं अंग अस्वस्थ होतं पण ह्या एका बाबतीत तिचा हात दगडाचा होता. घरच्यांना याचं फार नवल वाटायचं. 'परक्याच्या फुलांपाशी एवढी शहाणी,' नवरा म्हणायचा, 'आणि घरी मला नुसती शिंक आली तर थर्मामीटर घेऊन मागे लागतेस!' त्याने एकदा थर्मामीटर लपवूनही ठेवला होता. तिने नवा आणला.

हे वेड कुठून आलं तेही सांगायला हवं. लहानपणी आई कपडे धुण्याच्या कारखान्यात जायची, वडील नव्हते. घरी ही आणि हिचा धाकटा भाऊ. एकदा धाकटा तापाने फणफणला. आई निघताना म्हणाली, 'कपाळावर ओली पट्टी ठेव आणि लक्ष दे.' ही दिवसभर त्याच्या उशाशी. घटकाघटकाला हात लावायची आणि विचारायची, 'उतरला का रे?' हाताला तर काही कळत नव्हतं, पट्टी ओली करून करून बोटंच गारठलेली. तो म्हणायचा, 'उतरला.' मग ही दोन घास खायची, परत येऊन बसायची. संध्याकाळी आई आली आणि तिने पोराला हात लावला, तर अंग नुसतं भाजत होतं. तसाच उचलून दवाखान्यात नेला. पोरगं वाचलं, पण जिवावरचं होतं ते. आई हिला एका शब्दाने बोलली नाही. तरी हिच्या मनाने घेतलं की आपण जेवायला उठलो आणि तेवढ्यात ताप चढला. त्या दिवसापासून तिचा हात जो कपाळांकडे सुटला तो सुटलाच.

धाकटा मोठा झाला तो मुखदुर्बळ. विचाराल तेवढंच बोलणार, आणि तेही दोन शब्द. 'कसा आहेस?' 'बरा.' 'जेवलास?' 'हो.' 'नोकरीचं काय?' 'ठीक.' आणि ठीक म्हणता म्हणता दोन नोकऱ्या सुटल्या. एका ठिकाणी मालक वरचेवर शिव्या द्यायचा, हा एक दिवस किल्ली टेबलावर ठेवून चालायला लागला. दुसरीकडे कंपनीच बुडाली. मग बायको छोटीला घेऊन माहेरी गेली. कपाळबाईने फोन केला तर म्हणाला, 'येते म्हणाली आहे.' पुढच्या वेळी विचारलं, तेव्हाही 'येते म्हणाली आहे.' भाचीचा आवाज ऐकून किती दिवस झाले म्हणून ही रडली, तर तो म्हणाला, 'ऐकशील. नोकरी लागली की येणार आहेत दोघी.'

झालं! बाई साहेबांच्या मागे हात धुऊन लागली. 'घ्या हो त्याला. गाडी उत्तम चालवतो. माझा शब्द.' साहेब टाळायला बघत होते, कारण दोन नोकऱ्या सुटलेला माणूस. पण हिच्यापुढे कुणाचं चाललंय? शेवटी त्यांनी हात टेकले. 'एक खेप देतो. इंजेक्शनांचीच देतो, म्हणजे कळेल काय ते. नीट पोचवली तर कायम. काही वेडंवाकडं झालं तर मला पुन्हा गळ घालायची नाही.' तिने कबूल केलं.

आता ह्या खोलीचा एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नाही, पण अगदी पक्का. आपल्या माणसाची गाडी आपण बघायची नाही. कुणाचा नवरा गाडीवर असेल, मुलगा असेल, मेहुणा असेल, त्या खेपेला ती गाडी शेजारच्याच्या स्क्रीनवर जायची. का म्हणून कुणी विचारत नसे. ज्याने कधीतरी आपल्या माणसाची रेष बघितली होती त्याला ते विचारावं लागत नव्हतं.

धाकट्याची गाडी मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे पूर्वी शाळेत गणित शिकवत, आता इथे हिच्या शेजारच्या खुर्चीवर. त्यांनी सकाळीच काय केलं, तर खोक्याचा एक मोठा पुठ्ठा आणून दोघांच्या मध्ये उभा केला.

'हे काय?' कपाळबाई म्हणाली.

'भिंत.'

'मी काय कॉपी करणार आहे तुमची?'

'करणार आहात. तुमची मान आत्ताच तिकडून इकडे आलीय.'

'आखडलीय मान. वळवतेय जरा.'

'दुसऱ्या बाजूला वळवा की,' मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठ्याला मागून पाण्याची बाटली टेकवली.

दुपारपर्यंत ती चार वेळा तरी पाणी प्यायला उठली, आणि पाण्याची वाट मास्तरांच्या पाठीमागून जात होती हा काही योगायोग नाही. प्रत्येक वेळी मास्तर न बघता सांगायचे, 'पाच. पाचच आहे. जा.' ती जायची. आपल्या दुधाच्या गाड्या बघायची, एका मासेवाल्याला फोनवर झापायची, आणि पुन्हा पुठ्ठ्याच्या कडेवरून मान उंचावायची. बाहेर ऊन असं रणरणत होतं की आवारातल्या गाड्यांच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं.

मग मास्तर जेवायला उठले. नियमाप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीवरच्या माणसाला 'माझ्या गाड्यांकडे बघ' सांगून गेले. तो माणूस हो म्हणाला, पण तेव्हा तो फोनवर आइस्क्रीमवाल्याशी कडाकडा भांडत होता आणि त्याचं अर्धं लक्षसुद्धा इकडे नव्हतं.

अलार्म वाजला तो पुठ्ठ्याच्या पलीकडे.

कपाळबाईने आधी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. डोळे आपल्या स्क्रीनवर घट्ट ठेवले. अलार्म पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पुठ्ठा खाली पडला होता आणि ती मास्तरांच्या खुर्चीशी उभी होती. धाकट्याची गाडी लाल. हवेची रेष सात, नऊ, अकरा. चढतेय. बारा. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तिने एका नजरेत सांगितलं असतं की यंत्र बर्फ वितळवतंय, गप्प बसा. मालाची रेष खाली तिथल्या तिथे होती, पाचावर, ढिम्म. पण तिने ती बघितलीच नाही. तिला फक्त वर चढणारी दिसत होती. एक खेप, साहेब म्हणाले होते. काही वेडंवाकडं झालं तर. तिने फोन उचलला.

'अरे, कुठे आहेस तू?'

'डोंगराच्या पायथ्याशी,' धाकटा म्हणाला. 'का गं?'

'थांबव गाडी. यंत्र चालू आहे का?'

थोडा वेळ गाडी बाजूला घेतल्याचा आवाज. मग तो म्हणाला, 'थांबलंय. होईल सुरू.'

'होईल म्हणजे? बारावर गेलंय इथे! दार उघड.'

पलीकडे हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

'ऐकू येतंय का? मागचं दार उघड, आत चढ, खोक्यांना हात लाव आणि मला सांग गार आहेत की नाही.'

'ताई, सील आहे.'

'मी सांगतेय ना तुला! मी सांगतेय! लाव हात!'

केबिनचं दार आपटल्याचा आवाज आला, खडीवर पावलं वाजली, शेजारून एक मोठी गाडी धडधडत गेली. कपाळबाईने फोन कानावर इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

'गार आहे, ताई,' धाकटा म्हणाला.

'नीट लावलास हात?'

'हो. एकदम गार आहे. तू बस आता खाली. पुढे डोंगरात फोन लागणार नाही.'

ती बसली. आणि बसल्यावर, म्हणजे पाय अंमळ थांबल्यावर, आपण काय केलं ते तिला कळलं. तिने टेबलाची कड धरली. सील तोडायला लावलं. जे करू नका म्हणून आयुष्यभर ओरडून सांगितलं ते स्वतःच्या भावाला, त्याच्या पहिल्याच खेपेला, करायला लावलं. आता माल घेणारे इस्पितळवाले दार बघतील, सील बघतील आणि म्हणतील, परत न्या. तिने झटकन पुन्हा फोन लावला. लागला नाही. स्क्रीनवरचा गाडीचा ठिपका डोंगराच्या तोंडाशी थांबला होता आणि त्याखाली आलं होतं, संपर्क नाही.

मास्तर परत आले तेव्हा पुठ्ठा जमिनीवर आणि बाई त्यांच्या खुर्चीत. काय झालं असेल ते त्यांनी ताडलं.

'उघडलं ना दार?'

'मी उघडायला लावलं,' ती म्हणाली. 'माझ्या तोंडाने सांगितलं. मास्तर, मी त्याची नोकरी खाल्ली.'

मास्तर वाकून रेषा बघत होते. संपर्क तुटायच्या आधी हवा खाली यायला लागली होती, चांगली भराभर. 'अहो पण, दार उघडलं असतं तर ही अशी उतरली...'

'असतं काय, असतं? उघडलं म्हणतेय ना मी! त्याने स्वतः सांगितलं मला, हात लावला म्हणून!' ती त्यांच्यावर अशी खेकसली की सगळी खोली वळून बघायला लागली. मास्तरांनी हात वर केले आणि पुठ्ठा उचलून कोपऱ्यात ठेवला.

ती तशीच साहेबांकडे गेली. 'मी सांगितलं त्याला. त्याचा काही दोष नाही. काढायचं तर मला काढा.'

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते दमल्यासारखे झाले. 'तुम्ही, ताई? तुम्हीच?' ते म्हणाले. 'मी काय करू आता? सील तुटलेला माल त्यांनी नाकारला तर ज्याच्या हातून तुटलं त्याला मला गाडीवर ठेवता येत नाही. मग सांगणारं कुणीही असो.'

'त्याचं घर उभं राहायचंय हो ह्याच्यावर!'

'पोचू दे गाडी,' साहेब म्हणाले. 'बसा जरा.'

बसा म्हणे! त्या दुपारी कपाळबाई जी भिरभिरली त्याला तोड नाही. खाली आवारात गेली, उभ्या गाड्यांच्या दारांना हात लावून आली, हात भाजला, वर आली. चहा घेतला आणि कुठे ठेवला ते विसरली. नवऱ्याचा फोन आला, 'घरी येतेस ना वेळेवर?' म्हणून, तर त्याच्यावर विनाकारण ओरडली आणि मग रडली. तो बिचारा पलीकडून 'हॅलो, हॅलो' करत राहिला. धाकट्याचा फोन ती पुन्हा पुन्हा लावत होती, आणि तीच बाई तोच निरोप देत होती की आपण ज्याला फोन केला आहे तो संपर्कक्षेत्राबाहेर आहे. 'माहितेय गं मला!' ती त्या रेकॉर्डवरच्या बाईला म्हणाली. मनात सारखं एकच येत होतं. तो फोन करून बायकोला सांगणार, ही पण नोकरी गेली. आणि ती छोटी तिकडेच मोठी होणार. माझ्यामुळे.

ड्यूटी संपली तरी ती गेली नाही. मास्तरही गेले नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला इस्पितळाच्या औषधभांडारातून फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

'माल मिळाला,' तिकडचा माणूस म्हणाला. 'वाटभर पाचावर आहे. सील शाबूत. सही करून देतो.'

'कसलं शाबूत?' कपाळबाई टेबलावर ओणवी झाली. 'नीट बघा ना! तुटलेलं असेल. नंबर बघा!'

साहेबांनी फोन तिच्यापासून लांब ओढला. 'ताई! माल परत पाठवायला सांगताय का त्यांना?'

तिकडच्याने नंबर वाचून दाखवला. एकेक आकडा. तोच होता. मास्तर हलकेच म्हणाले, 'मी सांगत होतो ना, दार उघडलं असतं तर रेष अशी उतरली नसती.' आणि कपाळबाई, जिला शेजारच्याची रेष लांबून बघून सांगता येत होतं की आत काय चाललंय, ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. गाडी आवारात लावून धाकटा सरळ तिच्या घरी आला. नवरा कामावर गेलेला. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी तो बसला, चपला दाराशी नीट जोडून. साहेबांनी त्याला कायम केलं होतं हे तिला आधीच कळलं होतं. तिने रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं बोलणं त्याला बघताच ती विसरली. पाठमोरी उभी राहून तिने चहाचं आधण ठेवलं.

'उघडलं नव्हतंस दार.'

'नाही.'

'मग हात लावला म्हणून सांगितलंस ते?'

'यंत्राला लावला होता. सुरू झालं होतं तेव्हा. तूच शिकवलंयस ना, मरण आलं तरी उघडायचं नाही.'

'अरे, मग मला नाही म्हणायचंस! खोटं कशाला बोललास? मी काल मेले रे दिवसभर!'

धाकट्याने टेबलावरची साखरेची बरणी फिरवली. 'नाही म्हटलं असतं तर तू बसली असतीस का?' तो म्हणाला. 'गार आहे म्हटलं की तू बसतेस. पहिल्यापासून तसंच आहे.'

'पहिल्यापासून म्हणजे?'

'तो ताप आला होता बघ मला. तू जेवतच नव्हतीस. उतरला म्हटलं की उठून दोन घास खायचीस. म्हणून म्हणायचो.'

कपाळबाईचा हात गॅसच्या बटणावर तसाच राहिला. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. 'म्हणजे उतरला नव्हता?'

'नाही.'

'एकदासुद्धा?'

'एकदासुद्धा नाही.' आणि तो चक्क हसला. 'डोकं असं ठणकत होतं ना, ताई!'

तिने गॅस बंद केला. फडकं घेऊन ओटा पुसला, पुसून झालेला पुन्हा पुसला. इतकी वर्षं जिवाला लावून घेतलेली गोष्ट अशी साखरेच्या बरणीशेजारी पडली होती, आणि तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग डोक्यात दुसरं सुरू झालं. बरा. हो. ठीक. इतकी वर्षं ती ज्याच्यावर विसंबली होती ती त्याची उत्तरं एकेक करून तिला आठवायला लागली. जेवलो. झोप लागते. मालक चांगला आहे. येते म्हणाली आहे.

येते म्हणाली आहे.

प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला. तिने फडकं घट्ट पिळलं. विचारलं की तो सांगणार, 'येणार आहेत,' आणि ती खाली बसणार. चालत आलं होतं तसंच. तिचा उजवा हात आपला आपण उठला होता, त्याच्या कपाळाच्या दिशेने अर्ध्यावर आला होता. तो तिने परत घेतला. कप भरला, त्याच्यापुढे ठेवला आणि ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. टेबलाखाली पाय हलत होता. तो थांबवायला तिने दुसरा पाय त्यावर ठेवला. बोलली मात्र नाही.

चहावर साय धरली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, कुणाच्या तरी घरात नळ वाहत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती, आणि तिच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. एकदा तिला वाटलं, आता नाही राहवत. तरी ती बसली.

धाकट्याने कप हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.

'ती येणार नाहीये, ताई,' तो म्हणाला. 'गेली तेव्हाच सांगून गेली होती.'

कपाळबाईने मान हलवली. तिने हात पुढे करून चहावरची साय चमच्याने बाजूला काढली आणि कप त्याच्याजवळ सरकवला.

'सांग,' ती म्हणाली. 'मी बसलेय.'